पाहुण्यांच्या डोक्याची मागची बाजू

सुईबाईंना कुणी विचारलं, "तुम्ही काम काय करता हो?" की त्या अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "मोठ्या लोकांच्या डोक्यात सुया खुपसते." समोरचा जरा मागे सरकला की मग खुलासा. शहरात मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय होतं. तिथे राजे, नट, गवई, खेळाडू आणि देशाचे झाडून सगळे प्रधानमंत्री उभे होते, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरचा केस न् केस सुईबाईंनी बसवलेला होता. एकेक करून हं! टोप घातला आणि मोकळे झालो, असलं काम नाही ते. मेण कोमट ठेवायचं, सुईच्या चिरलेल्या टोकात केस धरायचा, आत खुपसायचा, सुई ओढून घ्यायची, केस आत राहतो. की पुढचा केस. एका डोक्याला दीड-दोन महिने कुठेच गेले नाहीत. ऐन तारुण्यात बाईंनी हे काम धरलं, आणि चष्म्याचा नंबर वाढत वाढत बाटलीच्या बुडाएवढा झाला तरी सोडलं नाही.

"बाकीच्या बायका संसार ओढतात," त्या म्हणायच्या, "मी केस ओढले."

वरून हसायच्या, पण आतून एक गोष्ट त्यांना खुपायची. संग्रहालयात चेहरे घडवायचे ते उस्तादांनी. लोक यायचे, म्हणायचे, "वा, डोळे बघा, आता बोलेल की काय!" श्रेय उस्तादांना. केसांबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही. काढणार कसं? केस बरोबर असले की दिसतच नाहीत, चुकले की तेवढेच दिसतात. बाई सुट्टीच्या दिवशी मुद्दाम तिकीट काढून दालनात जायच्या आणि कुणी कौतुक करतंय का म्हणून पुतळ्यांच्या आसपास घुटमळायच्या. एकदा एक बाई खरोखर एका नटाच्या डोक्यापाशी थांबली, निरखून निरखून बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "विग दिसतोय." सुईबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. आयुष्यात एक तरी आख्खा माणूस आपल्या हातून व्हावा, टाचेपासून टाळूपर्यंत, एवढीच त्यांची हौस होती. त्यासाठी त्या घरी शाडूच्या मातीत नवऱ्याची डोकी करून बघायच्या. नवरा पूर्वी बस चालवायचा, आता निवृत्त होऊन घरी बसला होता. कपाटावर स्वतःची सात-आठ डोकी ओळीने बघून तो म्हणायचा, "एका डोक्याशी तुझं पटत नाही, मग एवढी कशाला?"

बाईंच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला असताना उस्तादांचे हात कापायला लागले. ते काम सोडून मुलाकडे राहायला गेले. आणि नेमका त्याच वेळी देशाला नवा प्रधानमंत्री मिळाला! व्यवस्थापकाची धांदल उडाली. हा माणूस तसाही सदा चिंतेत असायचा, पुतळ्यांना सर्दी होईल म्हणूनसुद्धा काळजी करेल असा. तो बाईंच्या खोलीत आला आणि चाचरत म्हणाला, "सुईबाई, तुम्हाला जमेल का? डोकं, चेहरा, सगळंच?"

"जमेल की!" बाई म्हणाल्या. मग दार लावून घेतलं आणि घाबरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

आता हे प्रधानमंत्री कोण, तेही सांगायला हवं, कारण तुम्हाला आठवत नसणार. त्यात तुमचा दोष नाही, तेव्हाही कुणाला आठवत नव्हते. तरुणपणी ते कापडाच्या दुकानात ठाण उलगडून दाखवायचे, दिवसभर उभं राहून. मग कामगारांच्या संघटनेत गेले, मग निवडून आले, मग कितीतरी वर्षं मागच्या बाकावर बसले. एकदा टपाल खातं सांभाळलं. दोन मोठ्या पक्षांचं आपसात जमेना, तेव्हा ज्याच्यावर कुणाचाच राग नाही असा माणूस शोधायची वेळ आली. ह्यांच्यावर कुणाचा राग नव्हता, कारण ह्यांचा चेहराच कुणाच्या डोळ्यांसमोर येत नव्हता. घातलं त्यांना खुर्चीत. सुईबाईंनी तर त्यांना मतही दिलं नव्हतं. नाव कळल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बघा माझं नशीब. जन्मभर थोरामोठ्यांचे केस केले, आणि आख्खा माणूस मिळाला तो हा!"

मापं घ्यायला बाई प्रधानमंत्र्यांच्या कार्यालयात गेल्या. हातात मापाचा लांब चिमटा, बरोबर संग्रहालयाचा फोटोवाला. प्रधानमंत्री उंच पाठीच्या खुर्चीत अवघडून बसले होते, वर्गात नव्याने आलेल्या मुलासारखे. बाईंनी नाक मापलं, हनुवटी मापली, कान मापले. कान चांगले सुपाएवढे होते. घाबरलेल्या माणसाचा आवाज उगीच चढतो तसा बाईंचा चढला, आणि त्या खेकसल्या, "मान खाली घाला!" प्रधानमंत्र्यांनी निमूटपणे घातली. त्यांच्या सचिवाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"देशाला मान खाली घालायला लावली मी," घरी आल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला.

फोटो समोरून झाले, दोन्ही बाजूंनी झाले. मागून घ्यायचे तेवढ्यात फोन वाजला, सचिव घड्याळ दाखवायला लागला. प्रधानमंत्र्यांनीच विचारलं, "मागचं राहिलं का?"

"पुढच्या आठवड्यात करू, सर," सचिव म्हणाला.

"पुढच्या आठवड्यात नक्की," प्रधानमंत्री बाईंना म्हणाले.

बाई कामाला लागल्या. आधी मातीचं डोकं, मग प्लास्टरचा साचा, मग त्यात मेण. डोळे आतून बसवले, गालावर रंगाचे पातळ हात दिले. शरीर आणि कपडे करणारी माणसं वेगळी होती, पण ह्या वेळी पोट किती, खांदा कुठला खाली, हेही बाईंनीच सांगितलं. चेहरा छान उतरला होता. म्हणजे इतका छान उतरला होता, की बाईंचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्यांनी अशी चूक केली, जी शिकाऊ पोरीनेही केली नसती.

केस बसवायचा नियम असा, की सुरुवात मानेपासून करायची आणि ओळीओळीने वर चढत शेवटी कपाळाशी यायचं. म्हणजे वरचे केस खालच्यांवर पडतात आणि पुढची जागा मोकळी राहते. उलट केलं तर लावलेले केस सारखे मागे पडून कामात लुडबुड करतात. हा नियम बाईंनीच निम्म्या कारागिरांना शिकवला होता. पण मागचा फोटो नव्हता हे एक, आणि खरं सांगायचं तर बाईंना दम निघत नव्हता. आपला माणूस केसांसकट समोरून कसा दिसतो ते त्यांना बघायचं होतं! त्यांनी कपाळापासून सुरुवात केली. लावलेले केस चिमट्यांनी पुढे बांधत, स्वतःला शिव्या घालत, टाळूपर्यंत आल्या.

ह्याच दिवसांत प्रधानमंत्र्यांनी त्यांच्या कारकिर्दीतला एकमेव कायदा केला. जो कुणी उभ्याने काम करतो, त्याला मालकाने बसायला काहीतरी द्यायचं. दुकानातली मुलं, गिरणीतल्या बायका, लिफ्टवाले, सगळ्यांना. वर्तमानपत्रांनी टर उडवली. देशापुढे एवढे प्रश्न, आणि हे स्टुलं वाटतायत! सुईबाईंच्या खोलीतही व्यवस्थापक एक स्टूल ठेवून गेला. त्याआधी एवढी वर्षं बाई उभ्याने सुया खुपसत होत्या आणि संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळत होत्या. स्टुलावर बसल्या बसल्या त्याही हसल्या. "कसला प्रधानमंत्री बाई," म्हणाल्या, "ह्याला सुतार करायला हवं होतं." गुडघे दुखायचे थांबले, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आणि सरकार पडलं. खोलीतल्या रेडिओवर बातमी आली तेव्हा बाई टाळूच्या मागे उतरायच्या बेतात होत्या. सुई हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं, 'पाहुणे प्रधानमंत्री'. सगळं शहर त्यांना पाहुणे म्हणायला लागलं. पाहुणे आले काय, गेले काय, चहासुद्धा टाकून झाला नव्हता. नवरा म्हणाला, "तुझ्या सुया लागल्या गं त्यांना. काहीतरी जादूटोणा झालाय." बाई हसल्या आणि मग न्हाणीघरात जाऊन रडल्या.

व्यवस्थापक आला तो खाली बघतच आला. "सुईबाई, हे डोकं वितळवावं लागेल. नव्या प्रधानमंत्र्यांचं सुरू करायचंय. नवीन कारागीर करतील, तुम्ही तर आता निघालातच."

"वितळवायचं?"

"अहो, ज्याला जिवंतपणी कुणी ओळखत नाही, त्याला मेणात बघायला कोण येणार? आणि अर्धवट पुतळा मी ठेवू तरी कुठे?"

"साहेब, माझा एकुलता एक माणूस आहे हो तो," बाईंच्या तोंडून निघून गेलं. बोलल्यावर त्यांनाच लाज वाटली. पण व्यवस्थापक मनाने वाईट नव्हता. अखेरचं बघावं म्हणून त्याने डोक्यावरचं फडकं काढलं, बाईंनी बांधलेले चिमटे सोडले, केस मागे पडले. व्यवस्थापक बघतच राहिला.

"हा तर झालाय!"

"समोरून झालाय."

"आणि मागून?"

बाईंनी डोकं फिरवून दाखवलं. समोरून प्रधानमंत्री, मागून भोपळा. व्यवस्थापक तोंडावर हात ठेवून हसायला लागला. बाईही हसल्या. नियमाने काम केलं असतं तर मान केसाळ आणि कपाळ टकलं, असलं काहीतरी झालं असतं आणि डोकं सरळ कढईत गेलं असतं. हावरटपणा केला म्हणून वाचलं! एवढ्या वर्षांची शिस्त जे करू शकली नसती, ते एका चुकीने केलं. मग असं ठरलं, की पाहुण्यांना बाहेर जायच्या दाराशी, आगीच्या बादल्यांशेजारी उभं करायचं, पाठ भिंतीला घट्ट लावून.

बाईंचा जीव भांड्यात पडला. पण थोडेच दिवस. येता-जाता त्या पाहुण्यांकडे बघायच्या. लोक त्यांच्यापाशी थांबायचे ते बुटाची नाडी बांधायला. एका गृहस्थाने तर त्या पुतळ्यालाच विचारलं, "स्वच्छतागृह कुठंय?" आणि उत्तर मिळेना म्हणून रागावून गेला. पुतळा इतका जिवंत वाटला, की प्रधानमंत्री इतके रखवालदारासारखे वाटले, ह्याचा बाईंना उलगडा होईना. त्यांनी आपल्या सोयीने पहिला अर्थ घेतला. पण खरं दुःख वेगळंच होतं. निवृत्तीचा दिवस जवळ येत होता, आणि हौस भागली नव्हती. आख्खा माणूस मागितला होता, पाऊण मिळाला. अंदाजाने मागचे केस भरता आले असते, बघतंय कोण? पण न बघता केस लावायचा हात बाईंना नव्हता. प्रत्येक डोकं मागून वेगळं असतं. कुठे केस कसे वळतात ते बघितल्याशिवाय सुई उचलतच नव्हती.

एका दुपारी बाई मऊ ब्रशने पाहुण्यांच्या खांद्यावरची धूळ झाडत होत्या. एक म्हातारं जोडपं तिकीट काढून, सगळी दालनं बघून, बाहेरच्या दाराशी आलं. म्हातारा पाहुण्यांसमोर थांबला. टोपी कपाळावर ओढलेली, कॉलर वर केलेली. पण कान कुठे लपवणार? ते कान बाईंनी मापले होते. त्यांच्या हातून ब्रश खाली पडला.

"साहेब, तुम्ही?"

"हळू बोला," म्हातारा म्हणाला.

"चला आता, लोक बघतायत," त्यांची बायको कुजबुजली.

"कुणी बघत नाहीये गं. तीच तर गंमत आहे." पाहुणे पुतळ्याच्या आणखी जवळ गेले. "छान केलाय हो. मी एवढा बरा दिसायचो?" मग, बाईंनी हात धरून थांबवावं इतक्यात, ते पुतळा आणि भिंत ह्यांच्यामधल्या फटीत डोकावले. बाईंना वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

पाहुणे बराच वेळ तिथेच वाकून राहिले. बाहेर आले तेव्हा हसत होते. "म्हणजे समोरचं कसंबसं झालं, आणि मागचं करायच्या आत वेळ संपली," ते म्हणाले. "बाई, माझं सरकार असंच होतं. अगदी हुबेहूब. असंच राहू द्या."

आणि सुईबाई भडकल्या! का, ते त्यांना पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

"असंच कसं राहू द्या? तुमचं राहिलं, कारण तुम्हाला करू दिलं नाही. माझं मला कुणी अडवलंय? मी तुम्हाला मत दिलं नव्हतं, खरं सांगते. चारचौघांत हसलेसुद्धा तुम्हाला. पण तुम्ही माझे पहिले आणि शेवटचे आहात. पुढच्या आठवड्यात नक्की म्हणाला होतात! कुठे आलात?"

पाहुण्यांचा चेहरा एकदम ओशाळला. "मत तर हिनेही दिलं नसेल," बायकोकडे बोट करत ते पुटपुटले. मग टोपी काढली. "चला. कुठे बसू?"

बाईंनी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि स्टुलावर बसवलं. पाहुण्यांनी बसल्या बसल्या ते हलवून बघितलं. "हे त्या कायद्यातलं?"

"त्यातलंच."

"डुगडुगतंय."

"घाईत झालाय ना कायदा," बाई म्हणाल्या. मग राहवेना म्हणून जोडलं, "माझे गुडघे मात्र दुखायचे राहिले, साहेब. एवढं खरं."

पाहुण्यांनी मान खाली घातली, ह्या वेळी न सांगता. बाई मागे उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, आणि बघायला लागल्या. भोवरे दोन होते, जरा डावीकडे, शेजारी शेजारी.

"दोन भोवरे," बाई म्हणाल्या.

"सासूबाई म्हणायच्या, दोन लग्नं होणार ह्यांची," बायको म्हणाली.

"मी वाट बघतोय," पाहुणे मान खालीच ठेवून म्हणाले. बायकोने त्यांच्या पाठीत हलकेच चापट मारली.

पण बाईंचं लक्ष तिसऱ्याच गोष्टीकडे गेलं होतं. केस पांढरे होते. सगळेच्या सगळे. आणि त्यांनी समोर लावलेले होते काळेभोर, फोटोत होते तसे.

"साहेब, तुमचे केस..."

"तेव्हा कलप होता. सचिव म्हणायचे, देशाला तरुण नेता हवा." पाहुण्यांचा आवाज जरा बदलला. "पडलो त्या दिवशी बाटली फेकून दिली. आता तुमची पंचाईत झाली म्हणायची. काळे लावा, एकसारखे दिसतील."

बाई आणखी जवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगा. मागून कसे दिसता ते मी लावू, का दिसायला हवे होतात ते?"

"मी मागून कसा दिसतो, मला कधी कुणी सांगितलंच नाही."

"दमलेले दिसता," बाईंनी खरं ते सांगितलं. "पण चांगले दिसता."

पाहुण्यांनी हात मागे नेऊन आपल्या मानेवरून फिरवला. "मग जे दिसतंय ते लावा," ते म्हणाले.

बाई नंतर निवृत्त झाल्या. निरोपाला फुलं मिळाली, व्यवस्थापकाचं भाषण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डबा घेऊन परत कामावर हजर! व्यवस्थापकाने कपाळाला हात लावला, पण किल्ली दिली. बाईंनी पाहुण्यांचं डोकं उतरवून आणलं आणि ह्या वेळी नियमाने, मानेपासून, ओळीओळीने वर चढत गेल्या. पांढरे केस बारीक असतात, सुईच्या चिरेत धरत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत. बाईंनी त्यांना इतक्या शिव्या दिल्या, की शेजारच्या खोलीतला, नव्या प्रधानमंत्र्यांचं डोकं करणारा नवा कारागीर कान देऊन ऐकायचा. पण दोन्ही भोवरे उतरले, एकाला लागून एक, आणि टाळूवर पांढरे केस काळ्यांना जाऊन मिळाले.

शेवटच्या दिवशी नवरा आला. डोकं पुतळ्यावर चढवलं होतं, अजून भिंतीशी सरकवायचं होतं. व्यवस्थापकाने मागून बघितलं आणि दचकला. "अहो, मागे पांढरे? लोक काय म्हणतील?"

"लोक मागे जात नाहीत, साहेब," बाई म्हणाल्या.

नवरा मात्र गेला. जन्मात कधी त्याने बायकोचं काम धड बघितलं नव्हतं. तो पुतळ्यामागे जाऊन उभा राहिला, वाकला, चष्मा वर केला. दमलेल्या माणसाची मान होती ती, जरा पुढे झुकलेली, आणि भोवऱ्यापाशी न बसणारा एक केस. त्याने तो नीट करायला बोट पुढे केलं आणि जिवंत माणसाला लावताना अडखळावं तसं मागे घेतलं.

मग दोघांनी मिळून पुतळा मागे सरकवला. पाठ भिंतीला लागली. आता ते काम कुणालाही, कधीही दिसणार नव्हतं.

"झाला का गं तुझा आख्खा माणूस?" नवऱ्याने विचारलं, आणि सवयीने थांबला. आता ही स्वतःचीच काहीतरी टिंगल करणार, मग आपण हसायचं.

"झाला," सुईबाई म्हणाल्या. टिंगल करायला त्यांना काही सुचलंच नाही.